देव्हाऱ्यातली गार

माझ्या सासऱ्यांकडे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. आमची माणसं मेंढरं राखत रानोमाळ फिरायची, त्या काळात एकदा मोठी झड लागली. घोंगड्या पिळून काढायची वेळ आली. तशा पावसात थोरल्या आबांनी, म्हणजे आप्पांच्या वडिलांनी, दगडातून विस्तव काढला आणि सगळ्यांना गरम भाकरी खाऊ घातली. ही गोष्ट मी लग्नांत ऐकली, बारशांत ऐकली, मयतीच्या जेवणातही ऐकली. भावकीला ती इतकी पाठ आहे की आप्पांनी "झड" म्हटलं की माणसं हात धुवायला उठतात. माझे एक चुलत दीर आहेत. ते दर वेळी शेवटी एवढंच म्हणतात, "आप्पा, काडेपेटी बंडीच्या आतल्या खिशात व्हती, त्ये सांगायचं राहिलं बघा." लोक हसतात. आप्पाही हसतात, पण त्या पंगतीत ते नीट जेवत नाहीत.

मेंढरं जाऊन ऊस आला त्याला आता जमाना झाला. वडगाव रासाईला नदीकाठी आमचं रान आहे आणि घरात विस्तव म्हणजे गॅसचा लायटर. माझा नवरा कारेगावजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर माल तपासायचा आणि वाकडा निघाला की परत पाठवायचा, हे त्याचं काम. घरी आल्यावर तो माझ्या भाकरीकडेही त्याच नजरेनं बघतो. मागच्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात कॅम्पिंग शिरलं. पुण्याची माणसं पैसे मोजून तंबूत झोपतात, हे त्याला कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या पूर्वजांनी जन्म उघड्यावर काढला, त्यांना कधी कुणी वेलकम ड्रिंक दिलं नाही. पण हे कोणाला सांगता? उसाच्या कडेला तंबू उभे राहिले आणि मोबाईलवर जाहिरात गेली: नदीकाठचा मुक्काम, चुलीवरचं जेवण आणि दगडांपासून आग पेटवण्याचा आदिम अनुभव.

आग पेटवायला तो शिकला व्हिडिओ बघून. व्हिडिओत एक गोरा माणूस लंगोटीवर बसून दगड आपटत होता. मेंढपाळाचा नातू आपल्या आज्याची विद्या त्या लंगोटीवाल्याकडून घेत होता, तीही अधूनमधून जाहिराती बघत. नदीतले काळे दगड आपटून त्यानं अंगठा सुजवून घेतला. मग माळावरच्या पांढऱ्या गारगोट्या आणल्या. त्या अंधारात एकमेकींवर घासल्या की आत उजेड दिसतो, जळका वासही येतो, पण कापूस काही पेटत नाही. नवरा म्हणाला, "प्रोसेस बरोबर आहे, रिझल्ट येत नाही."

आप्पा बाजेवर बसून हे सगळं बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "दगडावर दगड आपटून डोकं फुटतं. इस्तवाला दगडासंगं लोखंड लागतं. तू हो बाजूला, म्या दावतो."

नेमके चुलत दीर ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "मग शनिवारी पाव्हणं येणार हायेत तवाच दावा की. आम्ही समदी येतो बघायला."

आप्पांना माघार घेता येईना. ते "व्हय, या" म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शेणाला गेले तर गोठ्यामागून टक टक ऐकू आली. आप्पा उकिडवे बसलेले. हातात मोडक्या विळ्याचं पातं, पुढं तंबाखूच्या डबीत अर्धवट जाळलेली धोतराची चिंधी आणि भोवती फुटक्या गारगोट्यांचा ढीग. ठिणगी पडली तरी वाटेतच विझत होती. एका बोटातून रक्त येत होतं. मला बघून त्यांनी विळा लपवायचा प्रयत्न केला, पण विळा काही लपवायची वस्तू नव्हे.

"बापाचं बघितलं व्हतं गं," ते म्हणाले. "केलं कवाच न्हाई."

"नाही पेटलं तर नाही पेटलं, आप्पा."

"मंग बाप खोटा पडंल."

चुलत दिरांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्या म्हशीलासुद्धा आमच्या बांधावरून हाकलून दिलं.

शनिवार उजाडला. दुपारी पुण्याची मंडळी आली. त्यांना घेऊन आलेल्या मॅडमनी आधीच विचारून घेतलं की शेकोटीचा धूर कमी होईल ना, त्यांच्यातल्या एकीला धुराची अ‍ॅलर्जी आहे. भावकी प्लास्टिकच्या खुर्च्या घरूनच घेऊन आली. ग्रामपंचायतीचे एक सदस्य नारळ घेऊन आले, कारण काही पेटणार असलं की उद्घाटन लागतंच. आणि खुटबावहून आत्या आल्या, आप्पांची थोरली बहीण. आत्यांच्या शब्दापुढं आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

आत्यांनी आल्या आल्या गारगोट्यांचा ढीग पायानं सारला. "आरं, ही कसली खडी आणलीस? बापाची चकमकीची गार कुठं हाय?"

"बापासंगं गेली, आक्का."

"कशी जाईल? ती देव्हाऱ्यात बसवलीस की तू. बाप गेला तवा तूच ठिवलीस. लहान व्हतास, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाईस. मला वाटलं ठावं हाय तुला."

आमच्या देव्हाऱ्यात मुठीएवढा एक शेंदरी गोळा आहे. त्याला आम्ही बिरोबा म्हणतो. लग्न होऊन आल्यापासून मी रोज त्याला तेल-शेंदूर लावते, सणाला पुरणपोळी दाखवते. नवरा कंपनीत पर्मनंट व्हावा म्हणून मी त्याला नवस बोलले होते आणि रविवारमागून रविवार उपाशी काढले होते. म्हणजे ते सगळे रविवार मी एका काडेपेटीपुढं उपाशी होते. मी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी पदर सावरला.

आप्पा देव्हाऱ्यापुढं बसले ते बसलेच. "देवाला लोखंडानं मारू व्हय, आक्का?"

"त्यालाच इचार. कौल लाव."

कौलाची रीत साधी आहे. देवाच्या माथ्यावर फूल ठेवायचं. उजवीकडं पडलं तर देवाची हरकत नाही, डावीकडं पडलं तर गप घरी बसायचं. आप्पांनी झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. फूल पडेना. इतक्या वर्षांच्या तेल-शेंदराचा थर, त्यात ते असं रुतलं की हले ना डुले ना. बाहेर दिवस मावळायला आला. नवरा दोनदा डोकावून गेला आणि "टाइमलाइन" असं काहीतरी पुटपुटला. ओट्यावरून चुलत दिरांचा आवाज आला, "काय आप्पा, काडेपेटी सापडंना का?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडं बघितलं. "लई उकडतंय बया," त्या म्हणाल्या. थंडीचे दिवस होते, त्यांच्या अंगावर शाल होती. मी निमूट उठले आणि पंखा पाचावर केला. फूल उजवीकडं पडलं. डावीकडं पडलं असतं तर आत्यांनी देव फिरवून ठेवला असता, याबद्दल मला शंका नाही. आप्पांनी एकदा पंख्याकडं बघितलं, एकदा आमच्या दोघींकडं बघितलं आणि देव उचलला.

मी कढत पाणी ओतत गेले, ते नखांनी थर काढत गेले. आतून मधाच्या रंगाची गुळगुळीत गार निघाली. तिची एक कड मात्र टवके उडून उडून करवतीसारखी झाली होती. आप्पांनी गार मुठीत धरली. आबांचा अंगठा जिथं बसायचा तिथं दगड झिजून खळगा पडला होता. त्या खळग्यात आप्पांचा अंगठा बरोबर बसला आणि ते लहान मुलासारखे रडले. आत्याही रडल्या. मी पंखा बंद केला.

बाहेर उसामागं सूर्य टेकला होता. आप्पा उसाच्या वाळक्या पाचटाच्या ढिगापुढं बसले, चिंधी गारेवर अंगठ्याखाली धरली आणि विळ्याचं पातं मारलं. पहिला घाव वाया गेला, दुसराही गेला. पुढच्या घावाला ठिणगी चिंधीवर पडली आणि तिथं लाल ठिपका उमटला. तो पसरत गेला. आप्पांनी चिंधी पाचटात गुंडाळून फुंकर घातली, आधी धूर आला आणि मग जाळ. चुलत दिरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"काका," मॅडम म्हणाल्या, "सॉरी हं, कॅमेरा सेल्फीवर राहिला होता. परत एकदा कराल का?"

"न्हाई बाई," आप्पा म्हणाले. "एकदाच दावायचं व्हतं."

मग मॅडमसाठी माझ्या नवऱ्यानं नदीतले काळे दगड आपटले आणि मी खाली वाकून लायटरनं पाचट पेटवलं. त्या रीलला भरपूर लाईक आले. दिवाळीत लक्ष्मीपुढं दिवा लावतानासुद्धा मला कुणी एवढं नावाजलं नव्हतं.

सकाळी आप्पा धुतलेली गार हातात घेऊन देव्हाऱ्यापुढं उभे होते. "सूनबाई, आता हिला कुठं ठिवायची?"

"होती तिथंच," मी म्हणाले. "बाकीच्या देवांनी माझ्या डोळ्यांदेखत अजून काही करून दाखवलेलं नाही." मी शेंदूर कालवला आणि गारेला लावला. टवक्यांची कड तेवढी मोकळी सोडली.

परवा कारेगावला भावकीतलं लग्न होतं. पंगतीत आप्पा गप्पच होते, गोष्ट काही निघेना. तेव्हा चुलत दीर शेजारच्या पाव्हण्याकडं वळले. "आमच्या थोरल्या आबांचं ठावं हाय का? मोठी झड लागली व्हती." आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांच्या झडीत तर नदीलाही पूर आला होता. शेवटी भाकरी भाजून झाली, आणि दीर तिथंच थांबले. काडेपेटीचं नाव काढलं नाही. आप्पांनी मान वर केली नाही, पण वाढप्याला हाक मारून बुंदी दोनदा मागून घेतली.