पानाच्या माथ्यावर 'जागे व्हा'

मी लिहायला शिकलो तो पत्रकांवर. बुलढाण्यात आमच्या संघटनेच्या खोलीत एकच नियम होता: माथ्यावर आग पाहिजे. 'शेतकरी बंधू-भगिनींनो, जागे व्हा!' हे काळ्या, ठसठशीत अक्षरांत आलं की खाली विषय कोणताही चालायचा. वीज, पाणी, बियाणं. बाजारात ते खपायचं, कारण पत्रक आम्ही हातात कोंबायचो. माणूस पळून पळून जाणार कुठे?

मग संघटनेची वेबसाइट निघाली आणि ती माझ्या गळ्यात पडली. नवीन पान भरताना शीर्षकासाठी एक वेगळी चौकट यायची. मी दरवेळी त्यात तेच वाक्य चिकटवलं. साऱ्या पानांच्या माथ्यावर 'जागे व्हा!' मला वाटलं, झेंडा लावला.

त्या हंगामात बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी घुसली. बोंड फोडलं की आत किडलेली सरकी आणि पिवळा, चिकटलेला कापूस. 'अळीची चिंता सोडा' म्हणत ज्या बियाण्याची पोस्टरं गावोगाव लागली होती, तेच हे बियाणं. विकणारे हात वर करून मोकळे! तक्रार करायची तर बियाण्याचं पाकीट हवं, पावती हवी, आणि तालुक्याची समिती येऊन पाहीपर्यंत शेतात पीक उभं हवं. हे सगळं मी अर्जाच्या नमुन्यासकट साइटवर टाकलं होतं. पत्रक मात्र छापखान्यात अडकलं.

ते हाती आलं तेव्हा मोताळ्याचा आठवडी बाजार गाठला. एका मावशींच्या हातात पत्रक दिलं. सोबत त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी होती. तिने उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं, 'समिती पाहून जाईपर्यंत कपाशी उपटू नका.' मावशींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"हे आज सांगून राह्यले तुम्ही? परवा ट्रॅक्टर घालून साऱ्या पऱ्हाट्या काढल्या ना आम्ही. हरभरा पेराचा म्हून."

"मावशी, वेबसाइटवर महिन्यापासून आहे," मी म्हणालो. थोडा तोऱ्यातच.

"मंग मले काऊन नाही सापडलं?" मुलगी माझ्याकडे वळली. "चार दिवस तेच शोधून राह्यली होती मी."

तिने माझ्यासमोर मोबाइल काढला आणि लिहिलं, 'कपाशीत बोंडअळी पडली तक्रार कुठे करावी'. वर औषधांच्या जाहिराती. खाली तीन दिवसांत अळी साफ करून देणारे व्हिडिओ. बरंच खाली सरकल्यावर आम्ही: 'शेतकरी बंधू-भगिनींनो, जागे व्हा!' त्याखाली पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"यातलं कोणतं उघडाचं, भाऊ? सारे सारखेच. मले वाटलं, कोणाचं भाषण असन."

मावशी पत्रकाच्या माथ्याकडे पाहत होत्या. "जागीच होती ना मी, बापा," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, काहीच उरलं नाही का? धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, चार ओळी चुलीच्या काड्यांसाठी ठेवल्या होत्या. पावती घरी होती, पाकीटही होतं. कोणतं वाण कुठे पेरलं ते लक्षात राहावं म्हणून सगळेच खोचतात, तसं धुऱ्यावर काठीला खोचलेलं. मी तिथेच अर्ज लिहून दिला.

आठेक दिवसांनी समिती आली. मीही गेलो. साहेबांनी विचारलं, "या कडेच्या ओळी कशाच्या?"

बीटीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची छोटी पुडी यायची. ती शेताच्या कडेने पेरायची, असा नियम. बहुतेक लोक ती फेकून द्यायचे. मावशींनी पेरली होती, आणि तसं खरं खरं सांगितलं.

"म्हणजे हे बीटी नाहीच," साहेब म्हणाले. "मग मी पाहू काय?" शेरा लिहिला: तपासणीस पीक उपलब्ध नाही. नियम पाळणारी बाई नियमानेच कापली. मी साहेबांशी भांडलो. भांडताना पूर्ण वेळ कळत होतं की माझं पान तिला वेळेवर सापडलं असतं, तर हा माणूस उभ्या पिकात उभा असता.

त्याच दिवशी मुलीला विचारून विचारून शीर्षकं बदलली. ती म्हणाली, मोबाइलवर सुरुवातीचंच थोडं दिसते, म्हून कामाचं आधी लिहा. 'कपाशीत बोंडअळी: बियाण्याची तक्रार कशी करावी'. प्रत्येक पानाला त्याचं स्वतःचं नाव; संघटनेचं नाव शेवटी.

आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते भडकले. "हे काय बे? तहसीलचं परिपत्रक वाटून राह्यलं. आग कुठी गेली?"

"दादा, आग कोणी शोधत नाही. तक्रार कुठे करायची ते शोधतात."

"अन् आपलं नाव शेपटाले?"

"हाव."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पत्रकांवर अजून 'जागे व्हा' असतं. त्यावर माझं चालत नाही.

महिन्याभराने मुलीने एक फोटो पाठवला. तिच्या काकांचा मोबाइल, जाहिरातींच्या खाली पहिलं आमचं पान. काकांची कपाशी उभी होती, अर्ज गेला होता. खाली तिने लिहिलं होतं, 'आईले दाखवलं. म्हणे, आता दिसून राह्यलं.'