साबुदाण्याच्या डब्यातला पेनड्राइव्ह

चारुदत्तकाका कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचे अधिकारी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासणी काही सुटली नाही. कुणी संदेश मिठाईचं खोकं घेऊन गेलं, तरी आधी हातात तोलून बघतात. सॉल्ट लेकच्या या इमारतीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि स्पष्टच सांगते, मला हा माणूस अजिबात आवडायचा नाही.

कारण कालिंदीकाकू, त्यांची बायको. रोज जेवणानंतर काका काकूंचा मोबाइल मागून घेत. कुणाचा फोन, किती वेळ, कशासाठी. "हल्ली फसवणुकीचे फोन येतात," म्हणायचे. फसवणूक कसली डोंबलाची! त्यांचा सगळा डोळा एकाच नंबरवर होता, पोटच्या मुलाच्या, विहंगच्या. विहंगनं एकदा मित्राचा अडकलेला माल सोडवायला गोदीत बापाचं नाव पुढे केलं होतं. काकांनी स्वतः तो माल पुन्हा उघडायला लावला आणि मुलाला घराबाहेर काढलं. तो बंगलोरला गेला. त्यानंतर या घरात त्याचं नाव काढायचं नाही, असा हुकूम.

काकूंनी माझ्याकडे येऊन बोलावं, तर पाच मिनिटांत खालून हाक यायची. एकदा त्या माझ्यासमोर रडल्या आणि माझं डोकंच फिरलं. मी न्यू टाउनला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. त्यांच्या घरी एक रडतखडत चालणारा लॅपटॉप होता. काका त्यावर बातम्या वाचत आणि काकूंनी काय काय उघडलं, तेही बघत. मी एका पेनड्राइव्हवर लिनक्स बसवून दिलं, विंडोजच्या जागी चालणारी दुसरी, हलकी सिस्टिम. लॅपटॉप बंद असताना पेनड्राइव्ह लावायचा आणि मग सुरू करायचा. काकांचं विंडोज जागंच होत नाही, सगळं पेनड्राइव्हवरून चालतं. पडद्यावर एकच चित्र ठेवलं, ते दाबलं की विहंगला व्हिडिओ कॉल. बोलून झालं की बंद करून पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. मागे काही उरत नाही.

"म्हणजे यांना काहीच कळणार नाही?" काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

"लॅपटॉपला तरी कळणार नाही," मी म्हटलं.

मग दुपारी काका झोपले की मायलेकांच्या गप्पा सुरू. काकूंच्या चेहऱ्यावर तजेला आला. पण काका मला जिन्यात अडवू लागले.

"काय गं प्राजक्ता, लॅपटॉप हल्ली दुपारी गरम लागतो. कशानं असेल?"

"कलकत्त्याचा उन्हाळा, काका."

त्या दिवसापासून मी जिना सोडून लिफ्टनं जायला लागले.

पेनड्राइव्ह काकूंनी साबुदाण्याच्या डब्यात लपवला होता. जन्मभर गोण्यांमध्ये हात घालून माल बाहेर काढलेला माणूस, आणि त्याच्यापासून वस्तू धान्यात लपवायची! मला आधी सांगितलं असतं तर मी हात जोडले असते.

एका रविवारी काकू धापा टाकत वर आल्या. पेनड्राइव्ह डब्यात होता तसाच होता, पण लावला तरी विंडोजच सुरू होत होतं. मी माझ्या लॅपटॉपला लावून बघितला. आत काहीच नव्हतं. कुणीतरी फॉरमॅट करून सगळं पुसलं होतं.

"यांनीच," काकू म्हणाल्या. जाब विचारायचीही सोय नव्हती, विचारलं की चोरी आपणच कबूल केल्यासारखी. "विहंग वाट बघत बसला असेल गं." खालून हाक आली आणि त्या पेनड्राइव्ह मुठीत धरून, डोळे पुसत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका माझ्या दारात. हातात तोच पेनड्राइव्ह. मी भांडायच्या तयारीनंच दार उघडलं.

"हे तू केलंस," ते म्हणाले.

"हो, मीच केलं. आणि तुम्ही पुसलंत! आईला मुलाशी बोलू देत नाही, कसले हो तुम्ही?"

मला वाटलं आता आवाज चढणार. पण ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "मी लावला, तर पडद्यावर पाटी आली, वापरण्याआधी फॉरमॅट करा. मला वाटलं, उघडायची रीतच तशी असेल. मी हो म्हणत गेलो."

"पण उघडायचाच कशाला होता? पुरावा हवा होता?"

"फोटो असेल, म्हणून."

"कुणाचा?"

काका पेनड्राइव्ह माझ्यापुढे धरत म्हणाले, "मी कुठला झोपतोय दुपारी? ही कुणाशी बोलते, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. रोज दाराला टेकून उभा असतो. काल काही नाही, आज काही नाही. होता तसा करून दे. हिला सांगू नकोस."

इतकी वर्षं साठवलेला राग, आणि आता तो ठेवायचा कुठे तेच कळेना. मी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि लिनक्स पुन्हा भरायला घेतलं. ते पडद्याकडे बघत बसून होते.

"प्राजक्ता," थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "त्याचा आवाज जरा मोठा येईल असं काही करता येईल का? दाराबाहेर नीट ऐकू येत नाही."