स्टिकरखालची चीर
गॅरेजमधल्या रेझिनच्या उग्र वासाने मला मोशीच्या नदीकाठचा आमचा बोट क्लब आठवतो. माझ्या कयाकमध्ये, त्या अरुंद एकट्याच्या होडीत, रोज पाणी भरायचं आणि प्रशिक्षक सगळ्यांदेखत ओरडायचे, ‘‘तुला नीट बसताच येत नाही, स्पर्धेत काय उतरवू?’’ मीही स्वतःलाच दोष द्यायचे. शेवटी एका सुट्टीला भावाने आणि मी कयाक दोन स्टुलांवर ठेवून आत पाणी ओतलं, तर तळावरच्या क्लबच्या स्टिकरखालून धार लागली. स्टिकर सोलला, खाली बोटभर चीर! चाकणच्या कंपनीत शिकलेल्या हाताने भावाने फायबरचं कापड रेझिनने चिकटवलं. दुसऱ्या दिवशी कयाक कोरडी राहिली. मी तणतणत म्हणाले, ‘‘सर, बोटच फुटकी होती!’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘माहितीये गं, पण दुसरी बोट होती कुठे?’’ त्या ‘माहितीये’ला मी आजही माफ केलेलं नाही.