नवव्या मजल्यावर कोण राहतं?

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. बावीस वर्षं लोकांना नीट दिसावं म्हणून राबल्यावर तिला हुक्की आली की आता जे कुणालाच दिसत नाही, त्याचा अभ्यास करावा. एका कॉलेजचा ऑनलाइन अभ्यासक्रम होता, अद्भुत साहित्याचा. राक्षस, बोलणारी झाडं, नकाशात न सापडणारी राज्यं. भाऊ फोनवर हसला, "या वयात परीकथा?" तिने कानाडोळा केला आणि नाव नोंदवलं.

घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. गल्लीत त्यांना लिफ्टवाले काकाच म्हणत. वर्षभरापासून त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं नाही, पण एका इमारतीची हकिगत मात्र रोज नवी. तिसऱ्या मजल्यावर पाणी खालून वर वाहतं, सहाव्यावर माणसं आपली सावली दाराबाहेर काढून ठेवतात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "वाद घालू नका, पण खतपाणीही घालू नका. हळूच विषय बदला, हातात काहीतरी काम द्या." तिने इमानेइतबारे महिनाभर विषय बदलला. बाबांनी त्या महिन्यात इतका लसूण सोलला की शेजाऱ्यांना वाटावा लागला.

मग स्वाध्याय आला: स्वतःचं एक जग रचा. इथे तिचं घोडं अडलं. तीन रविवार कागद कोराच. पडद्यावरची मास्तरीण सांगत होती, "काल्पनिक जग म्हणजे मनाला येईल ते नव्हे. त्याला नियम हवेत. आत कसं जायचं, ते ठरलेलं हवं." मागच्या खुर्चीतून बाबा म्हणाले, "नवव्या मजल्याला बटण नसतं. तिथे अनवाणी चढून जावं लागतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने ते पटकन लिहून घेतलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की ती वही घेऊन बसायची. बाबा खुलायचे, हातवारे करून सांगायचे. त्यांना बरं वाटतंय ना, मग झालं, असं ती मनाशी म्हणे. हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिचं फावलं. ते अडखळले की ती त्यांना पुढे रेटायची. "मग दार कुठे उघडतं?" "गच्चीवर, मशीनच्या खोलीत." "आणि तिथे राहतं कोण?" इथे मात्र बाबा गप्प होत. सोमवारी स्वाध्याय द्यायचा होता. शनिवारी सकाळी कामावर निघताना, चपला पायात सरकवत ती बोलून गेली, "बाबा, नवव्यावर कोण राहतं तेवढं बघून ठेवा हं."

दुपारी दुकानात तिला घराशेजारच्या इमारतीच्या रखवालदाराचा फोन आला. तिथली लिफ्ट पूर्वी बाबाच बघायचे. काका आठ मजले अनवाणी चढून गच्चीवर गेले होते. मशीनच्या खोलीची किल्ली चौकटीवरच्या जुन्या जागेतून बरोबर काढली, आत जाऊन आधी विजेचा मुख्य खटका पाडला आणि मग अंधारात पत्र्यावर पडले. तळहाताला सहा टाके. खटका पाडला म्हणून जिवावरचं हातावर निभावलं, नाहीतर काय झालं असतं, हा विचार तिला पुरता करवेना.

"एकदम तिथे का जावंसं वाटलं असेल त्यांना?" डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधता बांधता सहज विचारलं. पण चोराच्या मनात चांदणं. "काय माहीत," ती म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाची तिला किळस आली. बापाचा आजार तिने वहीत उतरवून घेतला होता, आणि वर त्याला जिना चढायला लावला होता. आणि बाबांना यातलं काय कळतंय, अशी इतके दिवस स्वतःची समजूत घातली होती.

रविवारी संध्याकाळी चहा झाला. वही तिने कपाटात टाकली होती. बाबा टेबलावर, खुर्चीखाली शोधू लागले.

"वही कुठाय?"

"राहू दे बाबा. आता नको ते." मग एका दमात म्हणाली, "चूक माझी आहे. तुम्हाला वर मी पाठवलं. माझ्या अभ्यासापायी. दुखतंय का हो फार?"

बाबा पट्टीकडे बघत बसले. मोडलेली लिफ्ट वेळेत सुरू झाली नाही की ते गिऱ्हाईकासमोर असेच ओशाळून उभे राहत.

"वर कुणीच नव्हतं गं," ते हळूच म्हणाले. "सगळीकडे बघितलं मी. नुसती मोटर होती. आता उद्या तू काय लिहून देणार?"