पंचायतीत पाचच?

"तुमी चौघं जाजमावरनं उठा. पंचायतीत पाचच बसत्यात!"

मी दारात चपला काढत होतो, तोवर आतून सरपंचांचा आवाज आला. सोलापूरजवळचं गाव, बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी पंचायत समितीचा विस्तार अधिकारी, म्हणजे ग्रामपंचायतींचा कारभार तपासणारा. त्या दिवशी मीटिंगला विषय एकच, मंजूर झालेला हातपंप कुठं बसवायचा. सरपंचांना तो स्वतःच्या गल्लीत हवा होता. धनगरवस्तीच्या बायका ओढ्यापलीकडून पाणी आणायच्या, त्यांना तो वस्तीवर हवा होता. सदस्य नऊ. चार वस्तीच्या बाजूचे, पाच सरपंचांचे. त्या पाचांतले त्यांचे चुलते तात्या मात्र डळमळीत. म्हणून वस्तीचे चौघंच उठवले जात होते.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुमच्याच बीडीओसाहेबांनी की!"

झालं! आमच्या साहेबांनी ट्रेनिंगमध्ये तासभर भाषण ठोकलं होतं. पंच म्हणजे पाच. पूर्वी गावातले पाच जाणते बसून निवाडा करायचे, त्या बैठकीला पंचायत म्हणू लागले. पुढे कायद्यानं माणसं वाढली, नाव तेच राहिलं, एवढं सांगायचं साहेब विसरले. असा संताप आला मला!

मी कायदा सांगणार, तोच वस्तीच्या सदस्य येसाबाई बोलल्या. बाई साठीच्या पुढच्या.

"थांबा सायेब. पाचच बसू द्या की. पर जुन्या रीतीनं. थोरल्यांनी वर, धाकट्यांनी दाराशी."

रीत खरीच होती. कुणाला नाही म्हणता येईना. वयानं थोरले पाच जाजमावर बसले. तात्या मधोमध, शेजारी येसाबाई. आणि सत्ताविशीचे सरपंच बेलबॉटम सावरत चपलांपाशी!

"आवो, मी सरपंच हाय!"

"व्हय की. पर लई धाकटा हायस," तात्या म्हणाले.

सरपंच कळवळून माझ्याकडे वळले. "सायेब, कायदा काय म्हणतोय?"

"नऊ म्हणतोय."

"मग नऊच बसू, नऊच!"

नऊ जण बसले. वस्तीसाठी हात वर करा म्हटल्यावर चार हात वर गेले. मग सावकाश पाचवा. तात्यांचा.

"तात्या, तुमी सुदिक?"

"सरपंच झाल्यापास्नं मला कोपऱ्यात बसवतोस. आज मधी बसलो. तितनं वस्ती नीट दिसली बग."

पंप वस्तीवर बसला. मला मनापासून आनंद झाला, पण सरकारी माणसानं तसं दाखवायचं नसतं. त्यानंतर गावात कुणालाही शब्दाचा मूळ अर्थ सांगायची वेळ आली, की मी आधी चौकशी करायचो, आज मतदान कशावर आहे?