हिरव्या दिव्याच्या ताई

हॉस्पिटलच्या तळघरात ताईंचं काम एकच. रुग्णांच्या वेळा नोंदवणारी वेबसाइट चालू आहे ना, यावर नजर ठेवायची. पडद्यावरचा दिवा लाल झाला की इंजिनिअरला हाक मारायची. दिव्याकडे बघायला माणूस कशाला लागतो, म्हणून सगळे चिडवत. ताई हसून सोडून देत.

एक दिवस एक आजोबा जिना उतरून आले. बायकोच्या डायलिसिससाठी तीनदा फॉर्म भरला, तिन्ही वेळा शेवटी सगळं गायब. वरच्या खिडकीवर सांगितलं, तुमचा हात थरथरतो, भलतंच बटण दाबलं जातं.

"मुलगाही तेच म्हणतो," आजोबा म्हणाले. "म्हणतो, बाबा, आता तुम्ही कशाला हात लावू नका." हे सांगताना त्यांचा चेहरा एवढासा झाला.

ताईंना फार वाईट वाटलं. "इथे बसून भरा, मी बघते."

आजोबांनी सावकाश भरला, बटण अचूक दाबलं, आणि फॉर्म डोळ्यांदेखत नाहीसा झाला. दिवा मात्र हिरवागार!

वेबसाइट सलग किती वेळ चालू आहे, तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात असतो. तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ताईंनी बघितलं. दुरुस्तीसाठी वेबसाइट शेवटची बंद केली त्याला अकरा दिवस झाले होते, म्हणजे तिथे अकरा दिवस हवे होते. होते चाळीस सेकंद.

"दिवा हिरवा आहे ना, ताई? मग?" ताईंची हाक ऐकून आलेला इंजिनिअर म्हणाला.

"तो मिनिटाला एकदाच विचारतो, चालू आहेस का. वेबसाइट मधेच बंद पडते आणि मिनिटाच्या आत आपोआप उठते. त्याला कळणार कसं?"

इंजिनिअरने जुन्या नोंदी उघडल्या. आठवड्यात नऊ वेळा बंद पडली होती, बहुतेक सकाळी अकराच्या सुमारास. तेव्हा लॅबचे सगळे रिपोर्ट एकदम येत आणि कॉम्प्युटरची मेमरी संपे. "आपोआप उठायची सोय मीच केली होती," तो कान पकडत म्हणाला आणि कामाला लागला.

दुपारी आजोबांनी पुन्हा फॉर्म भरला. बुधवारची वेळ मिळाली.

"म्हणजे माझा हात..."

"हाताचा काही दोष नव्हता. आमचंच चुकलं."

आजोबांनी मुलाला फोन लावून ताईंपुढे धरला. "तुम्हीच सांगा. माझं ऐकायचा नाही."

ताईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग मुलगा म्हणाला, "बाबांना देता?"

आजोबांनी फोन कानाला लावला, बराच वेळ ऐकलं.

"असू दे," ते म्हणाले. "पुढची वेळही मीच घेणार आहे."