लो गिअर

चिखलाच्या चढावर आमची जीप दोनदा मागे घसरली. मागच्या सीटवर वहिनीला कळा येत होत्या. "मामा, जोरात घ्या ना!" मी ओरडले. साठीतले चालक यशवंतमामा शांतपणे थांबले आणि गिअरशेजारचा छोटा दांडा ओढत म्हणाले, "ताई, चाकं नुसती गरगरतायत. आता लो गिअरमध्ये हळू फिरतील, पण जोर लावतील." इंजिन गुरगुरलं आणि जीप माणसाच्या चालीनं, जराही न घसरता चढू लागली. वेग म्हणजेच ताकद, असं मी आजवर समजत आले होते. इथं तर ताकद पावलापावलानं डोंगर चढत होती. माथ्यावर डांबरी रस्ता दिसताच वहिनीही कळा विसरून हसली. तासाभरात दवाखान्यात भाचीचं पहिलं रडणं ऐकू आलं, आणि बाहेर यशवंतमामा दोन्ही हात उंचावून नाचू लागले.